सरळ रेघ

दिवा राहू दे, पण दार लोटून घ्या. आणि मध्येमध्ये 'मग? मग?' करायचं नाही, मला तिडीक येते. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूवर, म्हणजे तुमच्या मावशीच्या नवऱ्यावर, बेतलेली आहे. मावशीला विचाराल तर ती विषय बदलेल.

साडू मोठ्या दुर्बिणींवर कामाला. काचेच्या नव्हेत, रेडिओच्या. माळावर ओळीने उभ्या केलेल्या भल्यामोठ्या पांढऱ्या थाळ्या. आकाशातून कधीतरी एखादा संकेत येतो, पापणी लवायच्या आत संपतो, पुन्हा येईलच असं नाही. तो पकडायचा. अडचण अशी, की जमिनीवरचीही हजार लफडी मध्ये घुसतात. कुणाची मोटर, कुणाचं वेल्डिंग. पण लांबून आलेल्या संकेताची रेघ पडद्यावर वाकडी पडते आणि जवळच्याची सरळ. सरळ दिसली की साडू बटण दाबायचा. पडद्यावर उमटायचं, 'जमिनीवरचा. टाकला.' रात्रीतून शंभरदा. डोळे मिटून करायचा म्हणा ना.

त्या आठवड्यात सलग तीन रात्री, सव्वाबाराला, सरळ रेघा आल्या. तीन, जरा थांबून दोन. पुन्हा तीन, दोन. साडूने टाकल्या. नव्याने रुजू झालेल्या मॅडम शेजारी बसून काम शिकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं शिस्तीत येतंय, बघायला नको का?"

"मॅडम, सरळ रेघांच्या मागे लागलात तर याच खुर्चीत म्हाताऱ्या व्हाल. दिसली की टाकायची. डोकं चालवायचं नाही."

मग आला नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. रात्रीचे अकरा चाळीस. तळघरातल्या लोखंडी खोलीतली एक डिस्क बिघडली. सगळे कॉम्प्युटर त्या खोलीत. त्यांची कुरकुर थाळ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी, वर-खाली, जाड लोखंड. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मोबाइल तर फाटकावरच जमा. नियम एकच. आत जाताना आपला बिल्ला बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा. बिल्ला नसला तर बारा वाजता पहारेकरी तिथला दिवा आणि माणसांसाठी लावलेला हवेचा पंखा बंद करतो.

"डिस्क बदलतो आणि तसाच झोपायला जातो. रेघा आता तुम्ही बघा," साडू मॅडमना म्हणाला. बायको माहेरी, म्हणजे वाट बघणारं कुणी नाही. दोन मिनिटांचं काम, त्याला बिल्ला कशाला? बिल्ला खिशातच राहिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

डिस्क बदलली. दार आपसूक लागलं होतं. मूठ फिरवली. मूठ गरागरा फिरली, दार जागचं हललं नाही.

पहिली पाच मिनिटं माणूस हसतो. मग शिव्या देतो. मग बारा वाजले. दिवा गेला. पंख्याची घरघर थांबली. सोमवार सकाळपर्यंत इकडे कुणी फिरकणार नव्हतं, आणि तोवर पुरेल एवढी हवा आत नव्हती. साडूची पाचावर धारण बसली. मरायची भीती वाटली हो, सरळ सांगतो, त्यानेच मला सांगितलं.

कोपऱ्यात एक छोटा पडदा तेवढा चालू होता. वर मॅडमसमोर जे दिसायचं तेच त्यावर. साडूने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दारावर हाणला. छातीच्या उंचीवर. हात आपोआप तसाच पडला... तीन. दोन.

पडद्यावर सरळ रेघा उमटल्या. तीन. दोन.

लोखंडावर ठोकल्याची रेघ तिथे दिसूच शकत नाही. पण दिसली. आणि खाली अक्षरं आली. 'जमिनीवरचा. टाकला.'

मॅडम शिकवल्याप्रमाणे काम करत होत्या.

"टाकू नका! मॅडम, मी आहे!" तो ओरडला. पुन्हा ठोकलं. टाकला. पुन्हा. टाकला. त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सव्वाबारा.

त्याने हात थांबवला.

ठक ठक ठक...

ठक ठक.

खालून. दाराच्या खालच्या अंगाने.

काय? ...हो. आतून.

तो मागे सरकला. पाठीला भिंत लागली. पुढे जागा नाही. मागे जागा नाही. काळोख. ते वाजायचं. मग थांबायचं. वाट बघायचं... त्याची.

साडू रडायला लागला. "चुकलो बाबा," म्हणाला. "तीन रात्री हाका मारत होतास. मी टाकल्या."



मग तो दारापाशी गेला. उभ्यानेच ठोकलं. तीन, दोन. खालून उत्तर आलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर. श्वास आखूड झाला. हात जड झाला. त्याचा आवाज... खालचा आवाज... त्याचा...

एक वीसला दार बाहेरून उघडलं. मॅडम, आणि मागे पहारेकरी. साडू उंबऱ्यात कोसळला.

"माफ करा," मॅडम म्हणाल्या. "एकच रेघ होती तोवर टाकत राहिले. मग दोन झाल्या. एक ठळक, एक फिकट. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. बिघडलेलं यंत्र कुणाची वाट बघत नाही हो. सगळ्या थाळ्यांवर एकदम दिसत होतं, म्हणजे इमारतीतूनच. म्हणून खाली आले." त्यांनी बॅटरीचा उजेड खोलीभर फिरवला. "पण ते दुसरे, उत्तर देणारे, कुठे आहेत?"



सोमवारी मिस्त्रीने दार उतरवलं. नवंकोरं दार, बसवून दोन महिनेही झाले नव्हते. साडूच्या आधी तिथे कुणी अडकल्याचं कुणालाच माहीत नाही. आतल्या बाजूला छातीच्या उंचीवर साडूच्या खुणा होत्या, रंग उडालेल्या. आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणखी खळगे होते. पुष्कळ. एकमेकांवर पडलेले. मिस्त्रीने त्यांवरून अंगठा फिरवला आणि तो उठून उभा राहिला.

त्या खळग्यांवरचा रंग कुठेच उडालेला नव्हता. खळगे आधीचे, रंग नंतरचा.