कोरा दंड

जे कुठेच नाही ते शोधत हिंडायचं, याचाच पगार मुक्ताबाईंना मिळत होता. देशात देवीचा शेवटचा रोगी सापडून वर्ष होत आलं होतं. पण ‘आता खरंच कुठे नाही’ असं म्हणायला आधी सगळीकडे बघून यावं लागतं. म्हणून शहात्तर सालच्या एप्रिलात, डोक्यावर पदर आणि हातात फोटोचं कार्ड घेऊन, बाई पुण्यात दारोदार विचारत होत्या, “असा रोगी कुठे पाहिलात का?”

कार्डावर चार-पाच वर्षांची एक मुलगी होती. अंगात ठिपक्यांचा फ्रॉक, केसांची एकच घट्ट वेणी, आणि तोंडभर, हातभर देवीचे फोड. कुठल्या मुलखातली, कुणाची, काही लिहिलेलं नव्हतं. ती वाचली नाही, एवढं ट्रेनिंगला डॉक्टरांनी सांगितलं आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळले. मुक्ताबाईंना मात्र ते लागून राहिलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. त्या जगल्या, ही नाही.

बरं, काम सोपं नव्हतं. ते नसबंदीचे दिवस. सरकारी जीप गल्लीत शिरली की पटापट दारं लागायची आणि बाप्ये मागच्या दाराने पसार व्हायचे. जीपचा ड्रायव्हर अमीन खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, “अहो घाबरू नका! आम्ही कापणारे नाही, टोचणारे आहोत!” त्यावर उरलीसुरली दारंही लागायची. मुक्ताबाई कपाळाला हात लावायच्या, पण अमीनशिवाय त्यांचं पानही हलत नसे.

त्या दिवशी बुधवार पेठेत होते दोघं. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात आप्पासाहेब नावाचे मालक बसलेले. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायचं नाही आणि ‘बसा’ तर मुळीच म्हणायचं नाही, या तत्त्वावर त्यांनी हयात काढली होती. मुक्ताबाईंनी कार्ड पुढे केलं. आप्पासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट न्याहाळलं.

“पाहिली आहे.”

“कुठे?”

“आपण उभ्या आहात तिथेच. काल दुपारी.”

मुक्ताबाई चटकन पुढे वाकल्या. “फोड होते अंगावर? ताप?”

“छे! तोंड कसं स्वच्छ होतं. फोड या फोटोत आहेत, मुलीला नव्हते.”

“अहो आप्पासाहेब, रोग ओळखायचा आहे, मुलगी नाही!”

“अशी पाहिलीत का, असं आपणच विचारलंत. पाहिली, म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी प्रश्न नीट विचारत जा.”

अमीन हसू लपवायला पुस्तकांकडे तोंड करून उभा राहिला. मुक्ताबाईही हसल्या. चुकलं होतं म्हातारबांचं, पण बोट ठेवायला जागा नव्हती. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, “काय हवं होतं तिला?”

“थंड काही आहे का, म्हणाली. माठातलं पाणी दिलं.” आप्पासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. “माझ्या खुर्चीवर बसवली. पंख्याखाली. माझी नात खेळत होती इथे, तर तिची बाही वर करून दंडावरचा देवी टोचल्याचा वण बघितला, उसासा टाकला आणि निघाली. मी म्हटलं, बस गं अजून थोडी. राहिली नाही.” मग त्यांना आपण फार बोललो असं वाटलं असावं, कारण ते समोरच्या गिऱ्हाइकावर खेकसले, “घ्यायचं आहे की नुसतं चाळायचं?”

असेल कुणाची तरी सारख्या चेहऱ्याची पोर. बाई ते विसरूनही गेल्या, कारण घरी जायची ओढ होती. विश्रांतवाडीत त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि तिथे त्यांची लेक शालू बाळंतपणाला आली होती. नातू झाला होता. जन्मल्यापासून कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे बघायचा, म्हणून आजी त्याला सोनबा म्हणायची, एखाद्या गावच्या पाटलाला म्हणावं तसं. “काय सोनबा, आज कुणावर नाराज?” असं विचारलं की तो आणखीच गंभीर व्हायचा आणि मायलेकी पोट धरून हसायच्या.

पण बाळाला इसब होतं. गाल सोलवटलेले, कोपरं लाल झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, कातडी बरी होईपर्यंत देवी टोचायची नाही. अशा अंगावर लस टोचली तर तीच अंगभर पसरते आणि मूल हातचं जातं. सगळ्या पुण्याला टोचणाऱ्या बाईंच्या घरातच एक कोरा दंड होता. रोज रात्री त्या बाळाला न्याहाळायच्या आणि मनात म्हणायच्या, आता देवी राहिलीच कुठे आहे? काळजी कशाला? तरी काळजी जायची नाही, आजीच ती.

दुसऱ्या दिवशी जीप धायरीला गेली. गावाबाहेरच्या वस्तीवर सोजरबाई नावाची म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने कार्ड हातात घेतलं आणि तिचा सुरकुतलेला चेहरा एकदम फुलला.

“ही व्हय! काल आली हुती की. लई गुणाची पोर बघा.”

अमीनने मुक्ताबाईंकडे पाहिलं. या वेळी हसला नाही.

“आजी, नीट बघा. हीच?”

“आता गं बया! मला दिसत न्हाई व्हय? ह्योच ठिपक्याचा फराक. येनी सुटली हुती, ती म्याच घातली. म्हनली, आज्जे, गार काय हाय का? दहीभात कालवून दिला. मांडीवर डोकं टाकून घटकाभर निजलीबी.”

दहीभात म्हटल्यावर मुक्ताबाईंना आपली आई आठवली. घरात देवी आली की फोडणी बंद, मोठ्याने बोलणं बंद. आणि देवी निघायची तेव्हा आई दारात दहीभात ठेवून हात जोडायची, जेवून जा माय, माझी पोर मला ठेव.

“अंगावर फोड होते का?” त्यांनी विचारलं.

“फोटुत हायेत तेवढंच. पर अंग मातुर गार व्हतं बघा. येवढ्या उन्हातनं चालत आल्याली पोर, अन् रांजनावानी गार.” सोजरबाईने हातातली शेंग तशीच धरली. “मग वस्तीवरली समदी बारकी पोरं गोळा केली तिनं. एकेकाचा दंड बघायची. वण दिसला की म्होरं. मी इचारलं, काय बघती गं बाय? तर म्हनली, वण न्हाई असं एकच ऱ्हायलंय. ते हुडकतीया.”

वस्तीवरचं कुत्रं सावलीतून उठून दुसऱ्या सावलीत जाऊन पडलं.

“कुठे गेली मग?”

“त्ये न्हाई सांगितलं. पर तुमी येनार, ह्ये सांगून गेली. म्हनली, तोंडावर वण असल्याली बाई मागनं यील, ती माझीच हाय.” सोजरबाई मायेने हसली. “मला वाटलं, तुमची नातच असंल.”

जीप सिंहगड रस्त्याला लागली. अमीनने समोर बघत म्हटलं, “ताई, परवा माझ्या घरी पण आली होती.”

“कोण?”

“तीच. अम्मीला दही मागितलं. माझ्या पोराचा, गुलजारचा दंड बघितला आणि गेली. काल रात्री मी घरी सहज कार्ड दाखवलं, तर अम्मीनं लगेच ओळखलं. रडायला लागली, पोरगी परत कधी येणार म्हणून. तुम्ही हसाल, म्हणून बोललो नाही.”

“हसलेच असते रे,” मुक्ताबाई म्हणाल्या. “सकाळपर्यंत.” मग म्हणाल्या, “अमीन, जीप घरी घे. विश्रांतवाडीला.”

त्याने का म्हणून विचारलं नाही. तो शालूच्या बाळाला बघायला दोनदा येऊन गेला होता, त्याला सगळं ठाऊक होतं.

बाईंच्या मांडीवर पेटी होती. पेटीत लस होती, दोन टोकांची सुई होती. घरी जाऊन बाळाला टोचायला किती वेळ? पण टोचलं आणि लस अंगभर पसरली तर? डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानात घुमत होतं. आणि नाही टोचलं, आणि ती आधीच पोचली असेल तर? मेलेली पोर दारोदार फिरते, हे कुणाला सांगायचं? कुठल्या डॉक्टरला विचारायचं?

“भुताच्या भीतीनं नातवाला मारणार का गं तू, मुक्ते?” त्या मोठ्याने म्हणाल्या. अमीनने वेग वाढवला. बंड गार्डनच्या पुलावर त्याचे ओठ हलत होते, तो काहीतरी पुटपुटत होता. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो येरवडा मागे पडेपर्यंत काढला नाही.

दार उघडं होतं.

शालू जमिनीवर बसून ताटली आवरत होती. ताटलीत दहीभाताची चार शितं. शेजारी फणी.

“अगं, आत्ताच गेली ती! जिन्यात भेटली नाही तुला?”

मुक्ताबाईंनी पाळण्याकडे धाव घेतली. बाळ झोपलं होतं, श्वास संथ चालला होता. त्या तिथेच खाली बसल्या. पेटी मात्र हातातून सुटली नव्हती.

“काय झालं आई? कुणाची गं ती? तुझ्या ओळखीची ना? तुझं नाव घेत आली.”

“बाळाला हात लावला तिनं?”

“घेतलं की मांडीवर. केवढीशी ती, पण काय अलगद धरलं! बाही वर करून म्हणाली, सापडला.” शालूने ताटली बाजूला सारली. “मी गमतीनं म्हटलं, बघू तुझा दंड. तर तिचाही कोराच गं! त्या लेकराला कुणी टोचलंच नाही, आई. म्हटलं, थांब, माझी आई येईल आता, ती टोचते, जरासुद्धा दुखत नाही. तर रडायलाच लागली. म्हणाली, तेव्हा कुणी आलंच नाही. मग काय करणार? दोघांना एकदमच जवळ घेतलं मी.”

मुक्ताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भीतीचं की कशाचं, त्यांचं त्यांना कळेना. इतके दिवस ते कार्ड हातात घेऊन फिरल्या, आणि त्या पोरीला एकदाही मनातल्या मनात सुद्धा ‘ये’ म्हटलं नव्हतं.

“मग?”

“मग डोळे पुसले, बाळाच्या दंडाचा पापा घेतला आणि गेली. जेवून जा म्हणून आल्या आल्याच दहीभात वाढला होता, तो जेवली होती. तुला नमस्कार सांगितलाय.”

बाळ झोपेत हसलं. कधी नव्हे ते, कपाळावर एक आठी नाही.

“सटवाई हसवतेय,” शालू कौतुकाने म्हणाली.

मुक्ताबाईंनी पेटी उघडली. सुई काढली. परत खाली ठेवली. आधी दंड तर बघू, त्यांनी ठरवलं. पुरळ आहे का, लाली आहे का, ते बघू. मग काय ते.

झबल्याची बाही त्यांनी हळूच वर सारली.

पुरळ नव्हतं. लाली नव्हती.

वण होता.

एक नाही, चार. दोनांच्या खाली दोन.

दोन टोकांच्या सुईचा एकच वण उठतो. चार वण म्हणजे जुनं, चक्री फिरवून टोचायचं हत्यार. नोकरीच्या सुरुवातीला मुक्ताबाईंनी ते चालवलं होतं, पोरं किंकाळ्या फोडायची. खात्याने ते मोडीत काढूनही आता बरीच वर्षं झाली होती.

“बाळ रडलं का गं?” त्यांनी विचारलं.

“छे. हूं की चूं नाही.”

बाईंनी अंगठ्याने चारही वण चाचपले. पांढरे, वाळलेले, कडा बुजत आलेल्या. वण असे जुने व्हायला तीस-चाळीस वर्षं जावी लागतात. त्या पोरीला तेव्हा कुणी टोचलं असतं, तर तिचे आज असे झाले असते. बाळाला अजून दोन महिने पुरे व्हायचे होते.