चादरीची दोन टोकं

रविवारी दुपारी हेनिंग मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन तळघरात उतरला, तेव्हा धुलाईखोलीतली दोन्ही मशिनं चालू होती. त्याच्या वेळेत.

स्वीडनमधल्या आमच्या गोथेनबर्गमध्ये तुम्ही एखाद्याच्या बोटीला धडक दिलीत तर तो कदाचित माफ करील. पण त्याच्या धुलाईच्या वेळेत मशीन लावलंत, तर जन्मभर जिन्यात ओळख देणार नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक बिऱ्हाडाचं एक छोटं कुलूप असतं. ते ज्या खणात अडकवाल, ती वेळ तुमची. हेनिंगचं कुलूप रविवारच्या खणात होतं. त्याने ते दोनदा पाहिलं. दुसऱ्याला बोलण्याआधी स्वतःला तपासायचं, असा त्याचा स्वभाव होता.

आत एक मुलगी होती. मशिनच्या गोल काचेकडे तोंड करून ती कुणाशी तरी बोलत होती.

"माझी जमेची बाजू म्हणजे... म्हणजे मी तशी बरी आहे. चारचौघींसारखी." मग तिने कपाळावर हात मारला. "छे. हे नको."

हेनिंग खाकरला. ती वळली, आणि तिचे कान आधी लाल झाले, मग गाल. आमच्याकडे राजा सोडला तर सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यामुळे निदान तेवढी अडचण नव्हती.

"ही वेळ... तुझी आहे का?" त्याने विचारलं.

तिने फळीकडे पाहिलं. तिचं कुलूप शनिवारच्या खणात लोंबत होतं. एक दिवस चुकला होता.

"अजून वेळ लागेल?"

तिने ओठांचा चंबू केला आणि झटकन श्वास आत ओढला, गरम चहाचा पहिला घोट घेताना ओढतो तसा. हेनिंग उत्तराची वाट पाहत उभा राहिला. तीही त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मशीन गरगरत होतं.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मी रागावलेलो नाही."

"मी कुठे घाबरले? मी हो म्हणाले."

"केव्हा?"

"आत्ताच की."

तिचं नाव इल्वा. पार उत्तरेतल्या विल्हेल्मिनाहून आलेली. तिकडे होकार असाच देतात, ती म्हणाली. दुकानदार, पोस्टमन, सगळेच. लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं तरी कित्येक नवऱ्या एवढाच श्वास घेतात, आणि कुणी त्यांना पुन्हा विचारत नाही.

हेनिंगला फार वाईट वाटलं. त्याचं कामच लोकांचे कान तपासण्याचं. काचेच्या पलीकडे माणसाला बसवायचं, अगदी बारीक आवाज सोडायचे, आणि त्याने हात वर करायची वाट पाहायची. आणि इथे त्याच्या स्वतःच्या कानांनी दगा दिला होता.

ती काचेशी काय बोलत होती, हेही मग कळलं. बेटांकडे जाणाऱ्या बोटींच्या नियंत्रण कक्षात एक जागा होती. रेडिओवर बसायचं आणि धुक्यात, वाऱ्यात कप्तानांशी बोलायचं. महिनाअखेरीला मुलाखत होती. वर उत्तरेत तिने जंगलातल्या लाकडाच्या ट्रकांचा रेडिओ सांभाळला होता, आणि चांगला सांभाळला होता. पण ते लाकूड जिथे जायचं, ती गिरणी बंद पडली. इथली खोलीही महिनाअखेरीपर्यंतच तिची होती. नोकरी मिळाली नाही तर गाडीत बसून परत जायचं, त्या गावाला जिथे आता रेडिओवर बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"दुसऱ्या एका नोकरीची मुलाखत झालीये फोनवर," ती म्हणाली. "बाईंनी विचारलं, रात्रपाळी चालेल का? मी हो म्हटलं. त्या तीनदा हॅलो हॅलो म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला."

हेनिंगला हसू आलं. त्याने ते दाबलं, पण डोळ्यांतून गळालंच.

"हस, हस. तुला काय."

"मी तुझी तयारी करून घेऊ?" तो म्हणाला, आणि आपण हे कसं बोलून गेलो, असं वाटून लगेच खाली पाहू लागला. "म्हणजे... माझी मशिनं तशीही तूच अडवली आहेस."

तो कपड्यांची टोपली पालथी घालून टेबलापलीकडे साहेबासारखा बसला. दंडही ठरला. श्वासातला प्रत्येक 'हो' म्हणजे त्याच्या एका चादरीची घडी घालायला मदत. मोठ्या चादरीला चार हात लागतात, आणि एकट्या माणसाकडे दोनच असतात. असं त्याने कारण दिलं.

तिचे कपडे निघाल्यावर त्याच्या चादरी धुऊन वाळवून झाल्या. त्या दिवशी ती इतक्या वेळा चुकली की चादरी संपल्या. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि आपलं टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं. चादर ऊबदार होती. वरच्या छोट्या खिडकीवर पाऊस टकटक करत होता. प्रत्येक वेळी तिची बोटं त्याच्या बोटांना लागायची, आणि प्रत्येक वेळी तो "सॉरी" म्हणायचा.

"तुझी जमेची बाजू?" तो टोक सोडता सोडता विचारी.

"कुणी घाबरलेलं असलं की मी सावकाश बोलते."

"हे छान आहे. हेच सांग."

"आपल्याच तोंडाने? लाज वाटते रे."

"मलाही ऐकताना वाटते. तरी सांग."

दुसऱ्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या माय्केनआजी आपली मशिनं बघायला खाली आल्या. त्यांची वेळ सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण आजींना आधी येऊन उभं राहायची सवय. दोघं चादरीची टोकं धरून मधोमध उभे, आणि घडी केव्हाच संपलेली.

"लग्न ठरवायचं असेल तर ठरवा बापडे," आजी म्हणाल्या, "पण आपल्या वेळेत ठरवा."

हेनिंगने चादर इतक्या घाईने पिशवीत कोंबली की तिची घडी पुन्हा मोडली.

तिसऱ्या रविवारी इल्वा एकदाही चुकली नाही. रात्रपाळी चालेल का? हो. वादळात एकटी बसशील? हो, बसेन. आवाज स्पष्ट आणि शांत होता. तळघराच्या भिंतीवर आपटून परत येणारा. हेनिंगने टाळ्या वाजवल्या. त्याची पिशवी मात्र टेबलाशेजारी तशीच पडून राहिली.

"आज घडी नाही?" तिने विचारलं.

"चूक कुठे झाली?"

तो हसला, पण हसणं चेहऱ्यावर टिकलं नाही. जिना चढताना इल्वाला वाटत राहिलं की आपण काहीतरी मिळवलं आणि काहीतरी खालीच विसरलो. एकमेकांचा फोन नंबरही त्यांनी मागितला नव्हता. दोघांनाही वाटलं होतं, दुसरा मागेल.

मुलाखत गुनेल नावाच्या बाईंनी घेतली. वाऱ्याने रापलेला चेहरा, आखूड वाक्यं. सगळी उत्तरं नीट गेली. मग त्यांनी इल्वाच्या कानांवर हेडफोन चढवला. शेजारच्या खोलीतून एक कप्तान बोलू लागला: दाट धुकं आहे, खडकांचा अंदाज येत नाही, माझा आवाज पोहोचतोय का? नाटकच होतं ते, पण त्याचा आवाज खरोखर धापा टाकत होता. आणि इल्वाचे ओठ सवयीने चंबू झाले, श्वास आत गेला. रेडिओवर काहीच ऐकू आलं नाही. क्षणभर ती गोठली... मग तिला टेबलापलीकडची पालथी टोपली आठवली.

"हो," ती म्हणाली. "पोहोचतोय. मी आहे इथे. सावकाश सांग."

नंतर कॉफी आली. बशीतला शेवटचा बन रिवाजाप्रमाणे कुणी उचलेना. जो तो त्याचा अर्धा तुकडा घेई, मग त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी उरलेला तुकडा इल्वाने सरळ तोंडात टाकला. गुनेल पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, एक तारखेपासून ये.

रविवारी ती तळघरात उतरली. मशिनं बंद होती. हेनिंग टेबलाच्या कडेवर बसला होता, मांडीवर एकच पांढरी चादर.

"लागली नोकरी," ती दारातूनच म्हणाली.

तो उठून उभा राहिला. त्याला किती आनंद झाला ते त्याच्या तोंडावर सगळं दिसलं, आणि मग त्यामागून आलेलं दुसरंही दिसलं.

"म्हणजे आता तुला सरावाची गरज नाही."

"नाही."

तिने बंद मशिनांकडे पाहिलं.

"मशीन का लावलं नाहीस?"

"धुवायला काही नाही."

"मग आलास कशाला?"

त्याने चादर उलटसुलट केली. "एक सांगायचं होतं. पहिला रविवार सोडला तर... मी ही चादर धुतलेलीच आणत होतो."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तिला इस्त्री होती, हेनिंग. मळक्या चादरीला इस्त्री करणारा माणूस मी तरी पाहिला नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. दिवसभर दुसऱ्याचा हात वर होण्याची वाट पाहणारा माणूस तो. पण त्या दिवशी त्याने वाट पाहिली नाही.

"एक प्रश्न राहिलाय. मुलाखतीत विचारत नाहीत तो." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तू नीट बोलायला शिकलीस, आणि मला तुझी ती चूक आठवत राहिली. मला तू आवडतेस, इल्वा. तू... येत राहशील? रविवारी, आणि एरवीही?"

तिला आता खणखणीत 'हो' म्हणता येत होतं. तो 'हो' ओठांपर्यंत आलाही. पण तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि झटकन, हळूच, श्वास आत ओढला.

या वेळी त्याने पुन्हा विचारलं नाही.

"चूक झाली," तो म्हणाला.

"मग दंड," ती म्हणाली, आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरलं.

घडी मात्र त्या दिवशी काही नीट पडली नाही.