आबांची न उजळणारी वाट

बालवाचकहो, प्रस्तुत कथेत मानवी मेंदूचे एक अद्भुत रहस्य एका पटाच्या साहाय्याने उलगडले जाणार आहे. तरी सर्वांनी सावधचित्ताने वाचन करावे.

इसवी सन २०७१. कुडाळच्या स्वरदाला एका कोड्याने पुरते ग्रासले होते. तिचे आबा, म्हणजे आजोबा, मेंदूशास्त्रज्ञ वामनराव खांबेटे, यांनी ‘मेंदूनगरी’ हा कवड्यांचा खेळ स्वतः निर्मिला होता. पटावरील घरे म्हणजे चेतापेशी (निरोप वाहणाऱ्या पेशी) आणि दोन घरांमधील फट म्हणजे चेतासंधी (निरोप जेथून पलीकडे जातो ती जागा). खेळाडूच्या मनगटावरील पट्टी हाताची हालचाल टिपे व त्याची वाट पटावर उजळे. स्वरदाची वाट लखलखत असे. आबांची मात्र काळोखी.

चैत्रात आबांना पक्षाघात (मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने येणारे लुळेपण) झाला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडून असे.

“आजही नाही उजळली, तर पट माळ्यावर टाक,” आबा म्हणाले. “माझ्याकडून आता काही होणे नाही.”

स्वरदाने पट उलटसुलट करून पाहिला. “ठकी, पट बिघडलाय का गं?” तिने घरच्या यंत्रमानवाला विचारले.

“पट ठणठणीत आहे. आबांच्या कवड्या कोण टाकतं?”

“मीच. त्यांना त्रास नको म्हणून.”

“मग तुझ्या हाताने त्यांची वाट कशी उजळेल, शहाणे?”

स्वरदा वरमली. आबा मात्र खुदकन हसले.

“नियम माझाच, आणि मीच विसरलो. लाड करून घ्यायची चटक लागली बघ. अगं, हात धडधाकट आहे. त्याच्याकडे निरोप नेणारी वाट मोडलीय. मेलेल्या पेशी परतत नाहीत. पण उरलेल्या पेशी नवी जोडणी करू शकतात. गवतातून रोज ये-जा झाली की पायवाट पडते, तसं. फक्त चालायचं ज्याचं त्याने.”

स्वरदाने कवड्या त्यांच्या उजव्या तळव्यात ठेवल्या. बराच वेळ काहीच घडेना. मदतीची ऊर्मी अनावर होऊन ती अखेर स्वतःच्याच हातांवर बसली. तोच आबांचे एक बोट थरथरले आणि कवड्या पटावर घरंगळल्या.

“हे काय दान झालं, आबा?”

“तू पट बघ.”

आबांचे पहिले घर काजव्याएवढे उजळले होते. मेंदूच्या या नव्याने जुळून येण्याच्या शक्तीस लवचिकता म्हणतात; ती स्वरदास तेव्हा उमगली.

“पट खालीच राहू दे,” आबा म्हणाले. “आणि उद्यापासून माझ्या डावात हात घालायचा नाही.”

ही कथा शांतपणे वाचल्याबद्दल सर्व बालमित्रांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
शंकर तातोबा हुलवान