अजून कळलं नाही

आमची ओळख झाली ती मिक्सरमुळे. एक-दोन नाही, तीनशे साठ मिक्सर.

दिवाळी महिन्यावर आली होती आणि पूर्ण्याच्या आमच्या गोदामात पाणी प्यायला फुरसत नव्हती. मी डिस्पॅचला होते. नाशिकच्या एका दुकानदाराची एकशे वीस मिक्सरची ऑर्डर पक्की करायला मी बटण दाबलं, तर पडद्यावर ते गोल चक्र फिरतच बसलं. मग लाल अक्षरं – टाइमआउट. परत दाबलं, परत टाइमआउट. मी रामनाथ भोईरांची मुलगी, हार मानते थोडीच… तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा हिरवी खूण आली आणि मी मोठा गड जिंकल्यासारखी डबा खायला गेले.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या त्या दुकानासमोर एकापाठोपाठ तीन टेम्पो उभे राहिले.

मॅनेजर पंढरी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कोपऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीने पाठवलेला एक मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. बारीक चेक्सचा शर्ट, कपाळावर आलेले केस. सरांना फोन आला, ते बाहेर गेले, आणि आम्ही दोघंच उरलो.

"किती वेळा दाबलंत?" त्याने विचारलं. चांगलं मोठ्याने.

"ओरडताय कशाला? एकदाच दाबलं."

"सॉरी… मी नारपोलीचा. घराखालीच कापडाचे लूम चालतात. आमच्याकडे लाडाने बोलायचं तरी ओरडूनच बोलतात." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "किती वेळा?"

"…तीन."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची. हे मी तेव्हाच पाहिलं, नाही कशाला म्हणू. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यात माझ्या तिन्ही नोंदी वेळेसकट दिसत होत्या.

"दिसतंय तर विचारलंत कशाला?"

"बघत होतो."

"काय?"

"तुम्ही खरं सांगता का ते."

त्याचं नाव दीपेश. बिघाड दुरुस्त करायला त्याला तीन आठवडे दिले होते आणि टेबल दिलं होतं माझ्या शेजारचं. आता यात माझा काय दोष?

चहाच्या मशिनपाशी त्याने मला सगळं समजावून सांगितलं. आपली नोंद एका जागी नसते. तीन गावांत तीन मशिनं असतात. एक इथे, एक नागपूरला, एक चेन्नईला. आपण बटण दाबलं की तिघांकडे निरोप जातो आणि तिघांपैकी दोघांनी 'लिहिलं' म्हटलं की हिरवी खूण येते.

"याला कन्सिस्टन्सी लेव्हल म्हणतात. किती जणांचा होकार आला की खरं मानायचं, ते आपण ठरवायचं."

"मग तिघांचा का नाही घेत? एकदाची काळजी मिटेल."

"एक जरी बंद पडलं तरी सगळं काम अडून बसेल ना."

"आमच्या घरी तसंच आहे. आई, बाबा, काका, तिघांचं हो आल्याशिवाय पंखासुद्धा येत नाही."

"मग दोघांवर भागवा की."

"कशासाठी?"

त्याचा चहा हिंदकळला. "…पंख्यासाठी," तो म्हणाला.

गप्प बसवेना म्हणून मीच विचारलं, "आणि ते टाइमआउट?"

"दोन सेकंद वाट बघायची. तेवढ्यात दोघांचं उत्तर आलं नाही की वाट बघणं सोडून द्यायचं. पण तिकडे लिहिणारा लिहीतच असतो, नुसतं उत्तर यायला उशीर होतो. तुमचं पहिलं बटण पोचलं होतं, विनिता मॅडम. टाइमआउट म्हणजे 'नाही' नव्हे. टाइमआउट म्हणजे… अजून कळलं नाही."

"मग तसं लिहा ना पडद्यावर. लाल अक्षरांत अंगावर काय येता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर स्वच्छ मराठीत ओळ होती – 'अजून कळलं नाही. थांबा, आधी तपासा.' मी शेजारी पाहिलं. तो कीबोर्डमध्ये मान घालून बसला होता, पण खळी दिसत होती.

त्याने बरंच काही दुरुस्त केलं. प्रत्येक ऑर्डरला आधीच एक नंबर चिकटवला, म्हणजे शंभरदा बटण दाबलं तरी ऑर्डर एकच. रॅकवर किती माल आहे एवढंच बघायचं असेल तर एका मशिनचं उत्तर पुरेल असं केलं. माल बाहेर काढायचा असेल तर मात्र दोघांचं. "जिथे चूक महाग पडते तिथे घाई नाही करायची," तो म्हणायचा. हे वाक्य मला पुढे चांगलंच महागात पडलं.

आणि त्याने मला हाताने बोलायला शिकवलं. त्याचे बाबा, दौलतकाका, तीस वर्षं लूमवर होते. त्या खडखडाटात कानांचं काही उरलं नव्हतं. कारखान्यात माणसं खुणांनीच बोलायची आणि हळूहळू घरातही तेच झालं. दोन बोटं वर केली की 'थांब, येतोय'. छातीवर तळवा ठेवला की 'पोचलं'. गोदामात फोर्कलिफ्ट भोंगे वाजवत फिरत असायच्या, तेव्हा माल चढवायच्या डॉकच्या त्या टोकावरून तो भुवया उडवून विचारायचा, जेवलीस? मी या टोकाला छातीवर तळवा ठेवायची. 'मॅडम' कधी गळून पडलं, आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मान खाली घालून सांगितलं, "चेन्नईला पाठवतायत. दोन वर्षं. रविवारी संध्याकाळचं विमान आहे."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? त्याच रविवारी अकरा वाजता काल्हेरचे पाहुणे मला बघायला येणार होते. शनिवारी सगळ्यांनी समोसे खाऊन त्याला निरोप दिला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी समोशाकडे.

रविवारी सकाळी मात्र मला राहवेना. उठले आणि मेसेज टाकला – 'मला तू आवडतोस. तुझं काय? दहाच्या आत सांग. अकराला मला बघायला येतायत.'

आठ वीसला दोन निळ्या टिका आल्या. वाचलं होतं त्याने. उत्तर मात्र नाही.

मी कोलंबी सोलायला बसले, फोन पाटाशेजारी. नऊ वाजले… साडेनऊ… आई म्हणाली, "काय गो, जीव कुठं हाय तुजा? सोलतेस का कुस्करतेस ती?" दहा वाजले. माझ्या हाताला कोलंबीचा वास, डोळ्यांत पाणी आणि डोक्यात नुसता राग. वाचून गप्प बसतो म्हणजे काय? त्याच हाताने मी त्याचा नंबर ब्लॉक केला. दहा म्हणजे दहा.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगाही बरा होता. बाबा त्यांना म्हणाले, "मंगळवारी कळवतो."

सोमवारी मी कामावर गेले. शेजारचं टेबल रिकामं. दुपारी एक ऑर्डर अडकली आणि पडद्यावर त्याची ओळ उमटली – 'अजून कळलं नाही. थांबा, आधी तपासा.'

मी ती ओळ किती वेळ वाचत होते, देव जाणे. मी काय तपासलं होतं? काहीच नाही. दोन तास वाट पाहिली आणि 'नाही' समजून मोकळी झाले. पंढरी सरांना डोकं दुखतंय असं सांगितलं आणि रिक्षा पकडून नारपोली गाठली.

विचारत विचारत त्याच्या घराखालच्या लूमच्या गाळ्यात शिरले तर कानठळ्या बसल्या. चार लूमच्या मधे एक म्हातारे गृहस्थ, केसांत कापसाची भुकटी. मी ओरडून 'दीपेश' म्हटलं, चारदा म्हटलं. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. शेवटी मी स्वतःकडे बोट दाखवलं आणि छातीवर तळवा ठेवला.

ते थबकले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ही खूण त्यांच्या घराबाहेर कोणाला माहीत असणार? त्यांनी खिशातून फोन काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्यासमोर धरला.

दीपेश दिसला. ऑफिसच्या जिन्यात उभा, दाढी वाढलेली. मला पाहून तो बोलायला लागला, किती बोलत होता… मी कानावर हात ठेवून मान हलवली, काही ऐकू येत नाही. तो थांबला. मग त्याने दोन बोटं वर केली.

थांब, येतोय.

मी तिथेच रडायला लागले. डोळ्यात कापूस गेला असं दौलतकाकांना सांगितलं. त्यांना तेही ऐकू गेलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगून टाकलं. काल्हेरला 'नाही' कळवा म्हटलं. बाबांनी आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोलव त्याला. बगू तरी कसा हाय."

तो शनिवारी आला. आमच्या ओटीवर बसून त्याने मला त्या सकाळची हकीकत सांगितली. माझा मेसेज वाचून त्याने आधी स्वतःच्या बाबांना विचारलं होतं. त्यांचं हो मिळालं. त्याची आई महिला मंडळाबरोबर पहिल्या एसटीने वज्रेश्वरीला गेलेली, फोन लागेना. तेव्हा पठ्ठ्याने बाइक काढली. गरम पाण्याच्या कुंडांपाशी, बायकांच्या घोळक्यात, आईला शोधून तिचं हो घेतलं. मला उत्तर लिहिलं तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"निघताना दोन बोटं दाखवायला काय झालं होतं? 'थांब' एवढंच लिहायचं होतंस!"

"दोघांचं हो हातात घेऊनच सांगायचं होतं. जिथे चूक महाग पडते तिथे…"

"शहाणाच आहेस. आणि मेसेज पोचला नाही म्हटल्यावर?"

तो ओशाळला. "मला वाटलं, तुझं नाही आहे."

"म्हणजे लोकांना शिकवायचं, आणि स्वतः?"

तो हसला. खळी पडली. मग पुढे जे व्हायचं ते झालं… हळद, लग्न, चेन्नईचं एक बिऱ्हाड, परत नारपोली. सहा वर्षं झाली.

ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज नंतर कधीच पोचत नाही. त्यात काय होतं ते त्याने मला सांगितलंही नाही. "पोचला नाही ना? मग सोड," म्हणायचा. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्याचा जुना फोन सापडला. चार्ज केला, फोटो बघत बसले, आणि त्यांत आमच्या त्या दिवसाच्या चॅटचा स्क्रीनशॉट निघाला. खाली एकच करडी टिक. दहा वाजून बारा मिनिटं.

'हो. आई-बाबांचंही हो आहे. ते नसतं मिळालं तरी माझं होतंच. मला बारा मिनिटं उशीर झालाय, चालेल का?'

खाली लूम चालू होते. तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. माझ्या हातातला फोन पाहून त्याने भुवया उडवल्या, काय झालं?

मी छातीवर तळवा ठेवला.