फारच उतरलेली साखर

दवाखान्यातून पत्र येऊन आठवडा झाला होता आणि त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंच होतं. तुमची साखर बाकी सगळ्यांपेक्षा फारच उतरली आहे. तपासणीच्या काळात खाण्यापिण्यात काही बदल केला होता का, ते सहीनिशी कळवावे. खाली तिची सही, तिच्यासारखीच सरळ आणि ठाम.

उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द लिहायचा म्हणजे आपण तिच्याशी खोटं बोललो हे कबूल करायचं. आणि मग ती पुन्हा कधी आपल्याकडे बघून हसेल...?

तो ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करायचा. एकदा बसला की हलत नाही आणि तोंड उघडत नाही, म्हणून तिथले लोक त्याला डिंक्या म्हणत. शिडीवरून पडून गुडघा मोडला तेव्हा तो खरोखरच जागेला चिकटला. मधुमेह तरुणपणीच मागे लागलेला. चालणं थांबलं तशी साखर चढली.

दवाखान्यात तो खरं तर गुडघ्याची पट्टी बदलायला गेला होता. कुबड्या सावरताना चुकीचं दार ढकललं गेलं. आत एक मुलगी टेबलावर नळ्या मांडून बसली होती. तिने त्याचा पाय पाहिला, हातातला मधुमेहाचा कागद पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं आलात. मला तुमच्यासारखाच माणूस हवा होता."

असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ज्यांना चालता येत नाही त्यांनी श्वासाच्या स्नायूंकडून मेहनत करून घेतली, तर साखर उतरते का, हे ती तपासत होती. नळीत एक घट्ट स्प्रिंग, आणि तिला न जुमानता हवा आत ओढायची. नाकाला चिमटा. त्याने नळी तोंडात धरली आणि मनापासून फुंकली.

"ओढायची आहे," ती म्हणाली. "फुंकायची सवय पुस्तकांची धूळ उडवायला ठेवा."

तो चकित झाला. मग तिने हळूच त्याच्या बाहीला चिकटलेली कागदाची कातरणं दाखवली.

रोज सकाळी तो जाऊ लागला. आधी बोटातून रक्ताचा थेंब, मग नळी, मग पुन्हा थेंब. चिमटा लागला की ती मुद्दाम प्रश्न विचारायची. घरीही असेच गप्प असता का, कुणी आवडतं का... त्याला फक्त भुवया उडवता यायच्या. माझ्याशी वाद न घालणारा पहिलाच माणूस, असं म्हणून ती खूश व्हायची. श्वास खोल जातोय का ते बघायला ती त्याच्या बरगडीखाली दोन बोटं टेकवायची — आणि नेमका तेव्हाच श्वास आत जायचं विसरायचा.

तिची अट एकच होती. जसं खाता तसंच खायचं. नाहीतर साखर श्वासाने उतरली की आणखी कशाने, हे कळणार कसं? पण पहिल्यांदा आकडा जरासा उतरला तेव्हा ती अशी काही हसली... त्या संध्याकाळी त्याने चहातली साखर सोडली. मग बिस्किटं गेली, मग जेवणानंतरचं गोड. आकडा उतरत गेला, ती हसत गेली. काही बदललं नाही ना, असं ती अधूनमधून विचारायची आणि तो मान हलवायचा. तोंडात नळी असली की खोटं बोलणं सोपं जातं.

तपासणी संपली, पत्र आलं, आणि शेवटी त्याने हे सगळं वहिनीला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. भाऊजी आणि प्रेमात, हे ऐकायला कान आसुसले होते म्हणाली. मग पत्र वाचून गंभीर झाली.

"लाजा हवं तेवढं, भाऊजी. पण दुसऱ्याच्या जिवावर नको. उद्या कुणी पाय मोडलेला माणूस तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून, गोड खात नुसती नळी ओढत बसला तर?"

हे वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्याने कागद पुढ्यात ओढला. तारीख लिहून होते न होते तोच दारात ती उभी.

उत्तर आलं नाही म्हणून आले, म्हणाली.

आज तोंडात नळी नव्हती. "बदल केला," तो म्हणाला. "गोड सोडलं. तुम्ही हसावं म्हणून."

ती पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली. चिडली होती, दिसतच होतं. इतक्या दिवसांची मेहनत, आणि सगळ्यात चांगले आकडे गाळावे लागणार.

"गाळा," तो म्हणाला. "मी पुन्हा पहिल्यापासून येतो. या वेळी चहात साखर घालून."

"या. पण तुमचे आकडे दुसरं कुणीतरी घेईल. मला नाही घेता यायचे."

"एवढा राग आला?"

"राग तर आहेच." ती स्वतःच्या बाहीवरचं नसलेलं कातरण झटकत राहिली. "पण ते कारण नाही. बाकीच्यांचीही साखर थोडीफार उतरायची... त्यांच्यासमोर मी कधी अशी हसले नाही."

त्याने खळीचं भांडं उगाचच इकडचं तिकडे केलं.

मग तीच भानावर आली. तोंडी चालत नाही, म्हणाली. लेखी हवं, सहीनिशी, टपालानेच. तो लिहायला बसला. एका शब्दाला एवढा वेळ लागतो का, म्हणून ती डोकावायला लागली, तसा त्याने कागदावर तळवा ठेवला. पान भरलं. पाकिटाला त्याने स्वतःच्या हाताने खळ लावली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तो कुबड्या टेकत चालला. ती त्याच्या चालीने चालली.

"ऐका," पेटीपाशी ती एकदम थांबली. "खाण्याबद्दलच लिहिलंय ना? कारण आमचं टपाल आधी मोठे डॉक्टर उघडतात."

"पहिल्या दोन ओळी खाण्याबद्दल आहेत."

"आणि बाकी पान?"

त्याने छातीभर श्वास ओढला — अगदी तिने शिकवला तसा.

"मग त्यांनाही कळू दे," तो म्हणाला, आणि पत्र पेटीत टाकलं.