दुधाचा खरा आकडा

हसनाबादच्या फाट्यावर सत्यशीला उतरली, तेव्हा गावात तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दुधाचे कॅन बांधलेली एक मोटारसायकल समोरून आली. म्हशी पाळणारं घर कुठं सापडेल, असं तिनं विचारलं, तर गाडीवरचा तरुण हसला. घर त्याचंच होतं. नाव बद्रीनाथ.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सत्यशीला जालन्याची, शेतकी कॉलेजात शिकणारी. ज्वारी, मोसंबी, दूध... कुठलं अन्न पिकवताना हवा तापवणारा वायू किती सुटतो, हे ती मोजत होती. दुधाचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. तिनं तसं सांगितलं, पण बद्रीनाथ रागावला नाही. त्यानं तिला गोठ्यामागचा उकिरडा दाखवला.

"हे शेण ज्वारीला जातं. मंग वायूचा सगळा भार एकट्या दुधावरच का टाकून राह्यलात?"

सत्यशीलानं ते वहीत टिपून घेतलं. तिच्या कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. कडबा तोलताना तो काटा धरायचा, ती आकडा वाचायची, मान वर केली की त्याची नजर भिडायची... आणि ती पुन्हा काट्यात बघायची.

"आकडा बदलला का?" एकदा त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग दोनदा का वाचता?"

तिचे कान तापले.

शेणाचा भार ज्वारीवरही वाटला, तसा दुधाचा आकडा बराच उतरला. बद्रीनाथ खूश होता. पण अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी तो कॉलेजच्या दारात उभा राहिला, पावसात नखशिखांत भिजलेला. उन्हाळ्यात म्हशींसाठी टेम्पोनं आणलेली सरकी पेंड त्याच्याकडून सांगायची राहून गेली होती. ती पिकवताना, आणताना सुटलेला वायू धरला की आकडा पुन्हा चढणार होता.

"एवढ्यासाठी आलात? कुणाला कळलं नसतं."

"मला कळत व्हतं ना."

तिनं त्याच्यासमोरच जुना आकडा खोडला, नवा लिहिला. इतका सरळ माणूस तिनं पाहिला नव्हता.

"शनिवारी येऊ?" तिनं विचारलं.

"मोजायचं तर संपलं..."

"मोजायला नाही. तुम्हाला भेटायला."

तो हळूच म्हणाला, "मला अहो-जाहो नका करू मंग."

"आधी तुम्ही सोडा."

"बरं..." तो लाजला. "ये."