हद्दीचा दगड

जेवणं झाली, दिवे गेले. मामा म्हणाले, "ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या जोडीदाराची आहे." मामांनी जन्मभर सरकारी जीप चालवली, जोडीदार म्हणजे त्याच कचेरीतला दुसरा ड्रायव्हर. मी पाय वर घेऊन बसले.

"घाबरट, दाराला कडी तरी लाव," दादा म्हणाला. मी आधीच लावली होती.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. जोडीदाराची सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर साहेबांची पाहणी, म्हणून संध्याकाळी तंबू आणि खुर्च्या घेऊन त्याला खिंडीत जावंच लागलं. सामान उतरवून निघाला तेव्हा पावणेबारा झाले होते.

खिंडीत हद्दीचा दगड आहे. अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे दुसरा. दोन्हीकडची ठाणी पार खाली. त्यामुळे वर कुणी मेलेलं सापडलं, की पंचनाम्याची कटकट नको म्हणून मढं गुपचूप दगडापलीकडे सारायचं. पलीकडचे रात्री परत आणून ठेवायचे.

"शी, मामा," मी म्हणाले.

"शी काय? सगळेच करायचे."

आदल्याच आठवड्यात एक अनोळखी म्हातारा सापडला होता. फौजदार म्हणाले, ओढ. जोडीदाराने काखेत हात घालून ओढला. लाल मातीत टाचांच्या दोन रेघा उठल्या. त्या त्याने बुटाने पुसल्या. पुढे म्हाताऱ्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

आता जीपच्या उजेडात दगडाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. एवढ्या थंडीत माणूस कसा सोडायचा? त्याने काच खाली केली.

"कुठं जायचं, आजोबा?"

"घरी."

"घर कुठल्या बाजूला?"

"ते तुम्हीच ठरवता ना…"

त्याने गाडी दामटली. मागे वळून पाहिलं नाही. मागून आवाज येत होता. काहीतरी घासत… घासत… तो थांबला. आवाज थांबला. निघाला. पुन्हा…

दादाने दाराच्या कडीकडे पाहिलं.

"घरी पोचला?" मी विचारलं.

"पोचला. दाराला कडी घातली. मुलीच्या उशाशी बसला. बसल्या बसल्या डोळा लागला."

पहाटे जाग आली. दार सताड उघडं. फरशीवर लाल मातीच्या दोन रेघा. खाटेपासून उंबरठ्याबाहेर. बाहेरून परत आत. पुन्हा बाहेर. पुन्हा आत…

"आणि मुलगी?"

"खाटेवर. गाढ झोपलेली. ताप उतरला होता."

मामांनी अंधारात स्वतःचे पाय पांघरुणात ओढून घेतले.

"तिच्या टाचा तेवढ्या मातीने माखलेल्या. लाल माती. आमच्या अख्ख्या गावात काळी आहे."